लोकरीची वाटी

बसवंतरावांनी पेठेतला हातपंप बिघडवला तो पुण्यकर्म समजून. पहाटे, कुणी उठायच्या आत, दुकानातली पक्कड, गुळाची ढेप फोडायचा हातोडा आणि एक गंजका पाना धोतराच्या सोग्यात बांधून ते पंपाशी गेले. हा पंप बसवायला परभणीहून फिटर आला होता, तेव्हा त्याचं काम त्यांनी दुकानाच्या गादीवर बसून दिवसभर पाहिलं होतं. दिवसभर पाहिलेली कुठलीही गोष्ट आपल्याला येते, असा त्यांचा स्वतःबद्दल समज होता. त्यांनी टोपण फिरवलं, सळई वर ओढली. तिच्या टोकाला काळी, तेलकट, चामड्याची वाटी होती. बोट लागू नये म्हणून धोतराच्या टोकानं धरून ती त्यांनी उपसून काढली, गटाराच्या कडेला भिरकावली, सळई आत सोडली, टोपण आवळलं आणि ‘शिव शिव’ म्हणून दांडा दाबला.

पंपानं दमेकऱ्यासारखा लांब श्वास घेतला आणि सोडला. पाणी आलं नाही. बसवंतरावांनी पुन्हा दाबला. मग दोन्ही हातांनी दाबला, मग पोटानं दाबला. पंप नुसता धापा टाकत राहिला. तेव्हा त्यांच्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की ती वाटी शोभेला नसावी.

झालं ते झालं, गुपचूप परत बसवू, म्हणून ते वळले. पेठेतलं लंगडं कुत्रं ती तेलात मुरलेली वाटी तोंडात धरून, प्रसाद घेऊन घरी निघालेल्या माणसाच्या ऐटीत नदीकडे चाललं होतं. बसवंतराव हाड्‌हाड् करत धावले. किराणा दुकानदारानं धोतर सावरत कुत्र्यामागं धावावं, हे त्या कुत्र्याच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. त्याला वाटलं, खेळ आहे. तीन पायांवर ते असं काही पळालं, की बसवंतराव वेशीपाशी ओट्याला धरून उभे राहिले आणि त्यांचाच आवाज पंपासारखा यायला लागला.

हसण्यासारखी गोष्ट खरी, पण त्या उन्हाळ्यात झरी गावात हसायला कुणी मोकळं नव्हतं. लढाई चालू होती ती लांब कुठंतरी. गावात पटकीची साथ होती. रोज कुणाच्या तरी दारातून तिरडी निघायची, आणि काल तिरडीला खांदा देणारा आज दिसला नाही की माणसं त्याच्या घराकडे बघायचं टाळायची. ज्याला मळा होता तो मळ्यात खोपी घालून राहायला गेला. चांभार, कुंभार, सुतार आपापल्या पाहुण्यांकडे जिंतूर-पाथरीला निघून गेले. मागं राहिली ती पेठ: दुकानं सोडवत नाहीत अशी माणसं, आणि चालवत नाही अशी म्हातारी. तालुक्याहून डॉक्टर आला. त्यानं विहिरींवर काटे टाकून त्या बंद केल्या, पेठेच्या आडावर फरशी चढवली, कडेनं चुन्यानं लिंपून घेतली आणि मधोमध हा पंप बसवला. फरशीला हात लावील त्याला कैद, असा हुकूम चावडीवर वाचून दाखवला. मळ्यातल्या विहिरींना तळ दिसत होता. नदी आटून तिचा एक हिरवा डोह उरला होता. त्यात गुरं बसायची, आणि पटकी तिथूनच आली असं डॉक्टर म्हणत होता.

पंपाचं पाणी पहिले काही दिवस पेठेनं कौतुकानं प्यायलं. मग पंप नीट चालतो का बघायला थांबलेल्या त्या फिटरनं जाता जाता सांगितलं, “आतली वाटी अस्सल चामड्याची हाय, हैदराबादची. दहा वर्सं बघायचं काम न्हाई.” बिचारा मालाची तारीफ करत होता. पेठ लिंगायतांची. मोटेचं पाणी सुद्धा चामड्यातून येतं म्हणून न पिणारी घरं. गळ्यातल्या इष्टलिंगाला जे पाणी घालायचं, तेच पोटात घालायचं, असा शिरस्ता. फिटर बैलगाडीत बसायच्या आत निम्म्या पेठेनं कळश्या पालथ्या केल्या. बसवंतरावांची बायको चन्नबसम्मा परसात जाऊन ओकली, आणि आत येऊन म्हणाली, “आजपासून त्या पंपाचं पाणी या घरात नको.”

चन्नबसम्मा कमी बोलायची. बोलली की ते शिळेवर कोरल्यासारखं असायचं. बसवंतराव उलट. पण एवढं खरं, की लग्नानंतर इतकी वर्षं ते दिवसभर बोलत आले ते ती ऐकते म्हणून. ती मळ्याच्या विहिरीतून मिळेल त्या घोटभर पाण्यावर दिवस काढायला लागली, तेव्हा त्यांचं बोलणंही आटत चाललं. म्हणून तर ते पहाटे हातोडा घेऊन निघाले होते.

घरी आले तर ती उंबऱ्यात बसलेली. “कुडं गेल्ताव?”

“पंपाकडं. चामडं काढून टाकलं.”

“मग कळशी द्या भरून.”

“पाणी येईना झालंय.”

ती म्हणाली, “मंजे काल पाणी होतं ते पिववत नव्हतं. आज पिववंल, तर पाणी न्हाई.”

एवढ्यावर ती उठून आत गेली. रागावली असती तर बसवंतरावांना बरं वाटलं असतं.

गावात नळाचं कळणारा माणूस एकच होता, सटवाजी. तो धनगरवाड्यात राहायचा आणि त्याच्याकडे जायचं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवून जायचं. जन्मानं धनगर. बाप, चुलते, भाऊ सगळे मेंढरांमागं हिंडले. हा पोरवयात पाण्यामागं गेला. पाथरीकडच्या एका जागीरदाराच्या बागेत खापराचे नळ टाकायला एक उस्ताद आला होता. मातीचे भाजलेले नळ, एकाचं तोंड दुसऱ्याच्या गळ्यात. सांध्याला मसाला भरायचा: चुना, जवसाचं तेल आणि पिंजलेला कापूस, उखळात दिवसभर कुटलेला. मसाला झाला की नाही हे उस्ताद अंगठ्याच्या नखानं बघायचा. हत्यारं म्हणाल तर एक लाकडी थापी, सुतळी आणि उतार बघायला पाण्यानं भरलेली परात. पाणी परातीत ज्या अंगाला झुकेल त्या अंगाला नळ. सटवाजीनं उस्तादाच्या लाथा खात ते शिकून घेतलं आणि नखाला अक्कल आली तोवर खापराच्या नळांचे दिवस संपले.

मग परभणीचं स्टेशन. तिथं इंजिनाला पाणी पाजायचे ते लोखंडी नळ मांडीएवढे जाड. त्यांच्या सांध्यात ताग ठासायचा, भोवती ओल्या मातीचं कडं करायचं आणि पळीनं उकळतं शिसं ओतायचं. निवलं की छिन्नीनं ठोकत गोल फिरायचं. हत्यारं बदलली, नखाचं काम कानाकडे आलं. छिन्नीचा आवाज बद्द यायचा थांबून खणखणीत झाला की सांधा बसला. सटवाजीनं तेही उचललं. त्याचे सांधे गळत नाहीत म्हणून त्याला मनमाडच्या अंगानं लांब लांब न्यायचे. शिशाच्या धुरात उभं राहायचं, काळ्या हातानं भाकरी खायची, अशी वर्षं गेली. एक दिवस पळी हातातून पडली. मग रोजच पडायला लागली. दोन्ही हात मनगटापासून खाली लोंबायला लागले, मांडवावरच्या दोडक्यांसारखे. बोटं मिटायची, पण हात वर उचलायचा नाही. हकीम म्हणाला, शिसं हाडात उतरलंय.

त्याच सुमाराला आट्यांचे नळ आले. नळाच्या तोंडाला डाय नावाचं हत्यार फिरवून आटे पाडायचे, सफेद्याचा पांढरा लेप फासायचा, सुतळी गुंडाळायची आणि पान्यानं आवळायचं. ना आग, ना मसाला. काल आलेलं पोर आज सांधा करून दाखवायचं. सटवाजीला त्याचा राग नव्हता. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की डाय फिरवायला काही येत नसलं तरी चालतं, पण हात लागतात, आणि त्याला सगळं येत होतं, हात तेवढे नव्हते. गोणपाटात हत्यारं बांधून तो झरीला परतला. मेंढरं भावांकडे गेलेली. जी चार वाट्याला आली ती गेल्या साली चाऱ्यावाचून मेली. आता बायको म्हाळसाबाई लोकांची लोकर कातून देई आणि नवऱ्याला घास भरवी.

बसवंतराव गेले तेव्हा घास भरवणंच चाललं होतं.

“या आप्पा,” सटवाजी तोंडातला घास फिरवत म्हणाला. “कुत्रं घावलं का?”

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. बसवंतराव भुईवर बसले. सगळं सांगितलं. चन्नबसम्माचं सांगताना मात्र अडखळले.

“आता पंप मंजे नळाचं कामच न्हवं,” सटवाजी म्हणाला. “खोक्यात घालून येतोय, खोक्यातून काढून बसवायलेत. त्यात कारागीर कुडं हाय? पान्याला हात लागतोय, त्यो कुनाचा बी.”

“माझा लागला ना,” बसवंतराव म्हणाले. “त्याचंच हे झालंय. सटवाबा, वाटी पायजे. पर चामड्याची नको.”

“चामडं नको तर काय तांब्याची पायजे? वाटी मंजे मऊ पायजे, फुगली पायजे, नळाच्या पोटाला धरून वर आली पायजे.” तो थांबला. त्याच्या डोळ्यात जुनं काहीतरी हललं. “सुतळी अन् मेण. इंजनाला पानी पाजलंय म्या. ह्यो तर पंप हाय.”

ज्याला हात नाहीत त्यानं सांगायचं आणि ज्याला कळत नाही त्यानं करायचं, अशी ती कंपनी पेठेत आली. बसवंतरावांनी सळईच्या टोकाला मेणातली सुतळी गुंडाळली, सटवाजीनं लोंबत्या हातांच्या मागून हनुवटीनं दाखवत शिव्या घातल्या. समोरच्या ओट्यावर सिद्रामप्पा बसले होते. पेठेतले सगळ्यांत वडील, पटकीलाही न भिणारे, कारण त्यांना ऐकूच कमी यायचं.

“बसवंता,” ते म्हणाले, “पंपाला नाडा बांधायलास का?”

सुतळी आत गेली, दांडा दाबला, आणि सुतळीच मेणासकट नळीत अडकून बसली. ती काढता काढता दुपार झाली. दुसऱ्या दिवशी ताग, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानातलं जाड किंतान. प्रत्येक वेळी सटवाजी आधी खात्रीनं बोलायचा आणि नंतर दोष किंतानाला द्यायचा. त्याचं तोंड रोज थोडं लहान होत चाललं होतं. बसवंतरावांच्या ते ध्यानात आलं. मोठ्यानं शिव्या देणारा हा माणूस आतून घाबरला होता, की आपल्याला जे येत होतं त्यातलं काहीच आता कशाला उपयोगी पडत नाही.

पेठ मात्र तहानेली होती. माणसं डोहाकडे जायला लागली, चोरून, डोक्यावर पदर ओढून.

किंतान फाटलं त्या संध्याकाळी म्हाळसाबाई म्हणाली, “घोंगडी लावून बगा की.”

“तू गप बस,” सटवाजी म्हणाला. “पंपाचं तुला काय कळतंय?”

थोड्या वेळानं तो खाकरून बसवंतरावांना म्हणाला, “आप्पा, मव्ह्या मनात लय येळ एक यायलंय. लोकर. लोकर भिजली की फुगती, अन् कुटली की तिचा नमदा होतोय, घोड्याच्या खोगिराखाली असतोय तसा.”

म्हाळसाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

पण लोकर पेठेला चालेल का? बसवंतराव सिद्रामप्पांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले. म्हाताऱ्यानं डोळे मिटून विचार केला. “चालती. चामडं मेल्याचं असतंय. लोकर मेंढी जितेपनी देती अन् पुन्हा चरायला जाती. आमी घोंगडीवर बसूनच पूजा करताव की.”

म्हाळसाबाईनं आपली घोंगडी काढली. तिच्याच हातची, काळी, जाड, लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यासाठी विणलेली. तिच्या कोपऱ्याचा तुकडा कापताना तिनं मान वळवली. तुकडा उकळत्या पाण्यात घातला, दगडावर आपटला, टाचेनं तुडवला, पुन्हा उकळला, तोवर विणीचे धागे एकमेकांत मिसळून कातड्यासारखा घट्ट झाला. दुकानातल्या लाकडी मापट्याच्या बुडावर तो ओलाच ताणून बांधला, वाटीचा आकार दिला. सुकल्यावर जवसाच्या तेलात मेण वितळवून त्यात बुडवला. बसवंतरावांनी बसवला, सटवाजीनं दातात सळई धरून ती सरळ ठेवली.

आता पंप चालू करायला वरून तांब्याभर पाणी ओतावं लागतं. कोरडी वाटी फुगणार कशानं? पेठेत घरोघर मागितलं तर माणसं दारं लावून घेऊ लागली. तेव्हा चन्नबसम्मा आपला तांब्या घेऊन आली. दिवसाचं जेवढं तिच्या वाट्याला होतं तेवढं त्यात होतं. तिनं तो पंपाच्या तोंडात रिता केला आणि बाजूला सरून उभी राहिली.

बसवंतराव दांडा दाबत राहिले. आधी धाप, मग गुळण्या, मग तपकिरी चूळ. आणि मग पाणी. पेठेतली माणसं एकमेकांना बाजूला न सारता उभी राहिली, हे त्या गावात पूर्वी कधी झालं नव्हतं. चन्नबसम्मानं ओंजळ धरली. प्यायली. पदरानं तोंड पुसून म्हाळसाबाईला म्हणाली, “बाई, तुमची घोंगडी गेली.”

“घोंगडीचं काय,” म्हाळसाबाई म्हणाली. “थंडी लय लांब हाय.”

सटवाजी त्या दिवशी पंपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की इंजिनाला पाणी पाजणं आणि हे यात फरक असा काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर धार बारीक झाली. पाण्यात काळे केस यायला लागले. संध्याकाळी पंप पुन्हा धापा टाकत होता. उघडून पाहिलं तर वाटी झिजून चाळणीसारखी झालेली. चामड्याची वाटी दहा वर्षं टिकते, लोकरीची दीड दिवस. पेठेचं सोवळं पाळायचं तर रोज घोंगडीचा एक तुकडा पंपाच्या तोंडात घालायचा होता.

बसवंतरावांनी स्वतःची कांबळ आणली. ती गिरणीची निघाली, निम्मा कापूस. घटकाभर टिकली नाही. दुसऱ्यांच्या घोंगड्या मागायच्या तर ज्या घरात माणूस गेलं तिथल्या जाळलेल्या, आणि जे मळ्यात गेले ते त्या पांघरून गेलेले. मेंढरं होती ती चाऱ्याला लांब गोदावरीकाठी, गंगथडीला उतरलेली. म्हणून रोज म्हाळसाबाईच्या घोंगडीचा तुकडा कमी होत गेला. “आज खांदे गेले,” ती कापताना म्हणायची. “उद्या पाठ.” तिच्या हातांना तुडवून, आपटून चिरा पडल्या. बसवंतराव आता वाटी डोळे मिटून बसवायचे. सटवाजीच्या शिव्या कमी झाल्या होत्या, आणि एकदा तर तो “जमायलंय” असंही म्हणाला.

तेवढ्यात चन्नबसम्मा पडली.

पंप बंद असलेल्या दिवसांत तिनं डोहाचं पाणी प्यायलं होतं. सांगितलं नव्हतं. डोहात चामडं नाही, एवढंच तिनं पाहिलं. सकाळी तिला एकामागून एक जुलाब झाले, दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले आणि हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहू लागली. बसवंतरावांनी गावातल्या इतक्या घरांत हे पाहिलं होतं, की पुढचं त्यांना पाठ होतं. डॉक्टरानं सांगितलं होतं, पाणी उकळून, मीठ-गूळ घालून पाजत राहा, थांबू नका. ते चमच्यानं पाजत होते. प्रत्येक चमच्याला ती ओठ मिटून विचारायची, “कुठलं?”

“पंपाचं.”

“लोकरीचंच न्हवं?”

“लोकरीचंच.”

मग ती ओठ उघडायची. कळशी उतरत होती. ते पंपावर धावले. पंप कोरडा. धनगरवाड्यात धावले. सटवाजी दारात बसला होता, त्याच्या पुढ्यात घोंगडीचा लाल काठ पडलेला, बोटभर रुंदीचा.

“सरली,” म्हाळसाबाई म्हणाली.

“सटवाबा,” बसवंतराव म्हणाले. आयुष्यभर शब्दांचा तोटा न पडलेला माणूस त्या अंगणात उभा राहून नुसता धोतराच्या सोग्याशी खेळत राहिला. मग म्हणाले, “मी तुझ्या पाया पडतो. कसं बी कर.”

“पाया पडून लोकर उगवती का?” सटवाजी म्हणाला. “घरी किती पानी हाय?”

“निम्मी कळशी.”

“तेवढं पाजा. सकाळी या.”

“सकाळपर्यंत…”

“सकाळी या मनलं न्हवं.”

ते घरी आले. निम्मी कळशी पाजत राहिले. तिचे पाय गार पडत होते, ते चोळत राहिले. एकदा त्यांना वाटलं, हिला खोटं सांगून डोहाचं पाणी उकळून पाजावं. दुसऱ्यांदा वाटलं, खरं सांगून टाकावं की पाणी सरलं. दोन्ही केलं नाही. ती बडबडत होती, माहेरच्या आडाबद्दल, रहाटाबद्दल. ओठ कोरडे पडले की ते बोट ओलं करून लावायचे. गावातली माणसं अशाच वेळी दारात येऊन बसतात; पण पटकीच्या घरी कुणी येत नाही. कळशीच्या बुडाशी तांब्या आपटला तेव्हा फटफटलं होतं.

ते कळशी घेऊन निघाले आणि पेठेच्या तोंडाशीच त्यांना आवाज आला. पंपाचा. लोकरीच्या वाटीचा आवाज त्यांना ओळखीचा होता, ओल्या कपड्यासारखा, दबका. हा वेगळा होता. कच्च, कच्च, ठाम. म्हाळसाबाई दांडा मारत होती आणि मनगटाएवढी धार फरशीवर पडत होती. सटवाजी भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या दाढीला तेल लागलं होतं.

बसवंतरावांनी कळशी धारेखाली धरली. कळशी भरली आणि पळाले.

त्या दिवशी त्यांनी किती कळश्या वाहिल्या ते त्यांनाच ठाऊक नाही. चन्नबसम्मा प्रत्येक वेळी “कुठलं” म्हणायची आणि ते “पंपाचं” म्हणायचे. लोकरीचं का असं तिनं विचारलं, की ते चुलीतला जाळ सारायला वळायचे. विचारलं नाही तर आपल्याला माहीत नाही, आणि माहीत नाही तर आपण खोटं बोललो नाही, असा हिशेब त्यांनी मनाशी घातला होता. हिशेब काही त्यांना पटत नव्हता. जिनं आपला शेवटचा तांब्या गावाच्या पंपात ओतला, तिच्याशी ते असं वागत होते. दुपारी तिची उलटी थांबली. दुसऱ्या दिवशी पाय गरम झाले. त्यानंतर एकदा ती उठून भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, “मीठ जास्त घालायलाव. पाण्याची चव गेली.”

बसवंतराव परसात जाऊन रडले आणि तोंड धुवून आत आले.

वाटी मात्र टिकली होती. धार बारीक होत नव्हती, पाण्यात केस येत नव्हते. पेठ पीत होती, सिद्रामप्पा ओट्यावरून पीत होते, आणि म्हाळसाबाईच्या लोकरीचं सगळं गाव नाव घेत होतं. एवढी एक गोष्ट बसवंतरावांना सोसेना. भर दुपारी, पंपाशी सटवाजीखेरीज चिटपाखरू नव्हतं, तेव्हा ते त्याच्यापुढं जाऊन बसले. फरशी तव्यासारखी तापली होती आणि सटवाजी आपले पाय सावलीच्या पट्ट्यात आखडून बसला होता. दोन्ही पाय अनवाणी होते.

बसवंतरावांनी त्या पायांकडे पाहिलं, पंपाकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, “सटवाबा, घोंगडी तर त्याच दिवशी सरली होती. मला खरं सांग. तिला मी रोज पाजायलोय, ती रोज मला विचारायलीय. आत काय बसवलंस?”

सटवाजीनं तोंडातली तंबाखू बाजूला थुंकली.

“मव्ह्या वहाणंचं चामडं हाय, आप्पा, अन् बाई जित्ती हाय.”